मेलेला चुना

आमचे मालक रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे आणि त्याच्याकडे टक लावून बघायचे. पापणी म्हणून हलायची नाही. दारात कोणी हाक मारो, चुलीवरचं दूध उतू जावो, मांजर मांडीत येऊन बसो, पूजा संपेपर्यंत ती नजर काही ढळायची नाही. लग्न नवं होतं तेव्हा मी चिडवायची, "माझ्याकडं तर कधी असं बघितलं न्हाई." पूजा आटोपून, लिंग गळ्यातल्या डबीत ठेवल्यावर मगच ते हसायचे. म्हणायचे, "तू काय पळून चाललीस? सावकाश बघतो की." पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, पण ते सावकाश काही आलं नाही.

मी नीलम्मा. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे आमचं गाव. मालकांचं नाव चन्नबसप्पा. तोंडानं मी ते घेत नाही, लिहायला हरकत नसावी.

आमच्या घरात विभूती करण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गाईच्या शेणाचे गोळे करायचे, कडक उन्हात वाळवायचे, भुसात रचून भाजायचे. राख निघाली की पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची आणि मग धुवायची. राख धुवायची म्हटलं की शहरातली माणसं हसतात. हसू देत. राखेत खार असतो, तो काढावा लागतो. पहिलं पाणी पिवळसर निघतं, बोटांना बुळबुळीत लागतं. ते मी कधी फेकलं नाही. त्यात धोतरं-लुगडी भिजत घातली की मळ आपोआप सुटून यायचा. वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, असं पाणी बोटांना साधं लागेपर्यंत करत राहायचं. मग तळाशी बसलेला गाळ लोण्यासारखा मऊ होतो. त्याच्या वड्या थापायच्या.

वडी वाळताना फुटू नये म्हणून मालक त्यात मूठभर चुना घालायचे. पण कोणताही चुना नाही. मठाच्या मागे जुन्या बांधकामातला चुन्याचा ढीग पडला होता. कोणाच्या काळातला, कुणालाच ठाऊक नाही. ऊनपाऊस खाऊन त्याची पांढरी माती झालेली. मालक त्याला मेलेला चुना म्हणायचे. चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि काही जाणवलं नाही तरच मूठ भरायचे. हे ते कुणाला सांगत बसले नाहीत. ते जसं बघून शिकले तसा मुलगाही बघून शिकेल, असं त्यांनी धरलं होतं. आणि मुलगा, आमचा मन्मथ, कधी बघायला थांबलाच नाही. राखेत हात घालायची त्याला लाज वाटायची. तो लातूरला रंगकामाला निघून गेला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. जिल्हा झाला, आता आपले दिवस बदलणार, असं चावडीवर बसणारे छाती फुगवून सांगायचे. दिवस बदलले खरे. पाऊस जो गेला तो गेलाच. पूर्वी पाण्यासाठी उस्मानाबादला गाऱ्हाणं घेऊन जायचे, आता लातूरला जायला लागले. गाऱ्हाण्याची वाट जवळ आली, पाणी होतं तिथंच राहिलं. आमची विहीर आटली, आडाचा तळ दिसला, बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायला लागल्या. टँकर आला की अशी झुंबड उडायची की शांतम्माची आणि माझी, शेजारणी असून, एकदा घागरीवरून चांगली जुंपली. नंतर दोघीही रडलो. पाण्यावरून भांडायची वेळ आमच्यावर पूर्वी कधी आली नव्हती.

जनावरं गेली. कोणी उदगीरच्या बाजारात विकली, कोणी नुसती सोडून दिली. आमच्याकडे एक देवणी गाय उरली होती. तिची हाडं वर आली, तेव्हा मालक तिला उदगीरकडच्या पाहुण्यांकडे घेऊन निघाले. तिथं थोडाफार चारा होता. बसव जयंती तोंडावर आलेली. विभूतीची मागणी दर सालापेक्षा जास्त, कारण दुष्काळात माणूस देवाला जास्त घट्ट धरतो. आणि घरात राख म्हणाल तर गाईच्या शेवटच्या शेणाची, जेमतेम टोपलीभर.

त्याच सुमारास मन्मथ लातूरहून आला. मोठे साहेब येणार म्हणून तिथल्या कचेऱ्या, कुंपणाच्या भिंती, झाडांचे बुंधेसुद्धा चुन्यानं रंगवून काढले होते. उरलेल्या कळीच्या चुन्याचं अर्धं पोतं मुकादमानं त्याला दिलं होतं. ते खांद्यावरून उतरवत तो म्हणाला, "अव्वा, अप्पा येस्तोवर मीच करतो की विभूती. एवढी राख कुनाला पुरनार? चुना घालून वाढवू."

मला बरं वाटलं. इतकी वर्षं ज्या पोरानं राखेला हात लावला नाही, तो आपण होऊन बसला होता. मी म्हटलं, "राख धुवायची हाय अजून."

"धुवायला पानी कुठलंय? प्यायला न्हाई आन राख धुतीस." त्याचं बोलणं खरंच होतं. त्यानं राखेत चुना कालवला, लागेल तेवढंच पाणी शिंपडलं आणि मळायला बसला. थोड्या वेळानं हाक मारून म्हणाला, "अव्वा, बघ तरी. हात साबन लावल्यावानी झालेत. लई मऊ निघाली." मी बोट लावून बघितलं. खरंच मऊ होतं, निसटतं. कडक उन्हात वड्या लवकर वाळल्या आणि इतक्या पांढऱ्या निघाल्या की डोळे दिपावेत. सांजेला मन्मथचे तळवे लाल झाले होते. त्यानं खोबरेल चोळलं आणि विसरून गेला. रंगकामात त्याचे हात रोजच सोलून निघत.

मालक गाय पोचवून परतले. पायभर धूळ, तोंड उतरलेलं. ओसरीत बसले आणि कोपऱ्यात मांडलेल्या वड्यांकडे त्यांची नजर गेली. एक उचलली, उजेडात धरली. "कुनी केली?"

"मी," मन्मथ म्हणाला.

"माझ्यापरीस पांढरी केलीस की रं." बस, एवढंच. पण मन्मथचा चेहरा असा उजळला की मी आत जाऊन डोळे पुसले. बापानं त्याला शाबासकी दिलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आमच्याकडे नव्या घाण्यातली पहिली वडी घरच्या पूजेला लागते. आधी आपल्या कपाळी, मग लोकांच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पूजेला बसले. पूजेचं पाणी मी तांब्याच्या तांब्यात वेगळं ठेवलेलं असायचं, ते कोणी प्यायचं नाही. त्यातले थेंब तळहातावर घेऊन त्यांनी वडी उगाळली, तीन बोटांनी कपाळभर पट्टे ओढले, दंडावर ओढले, मिटल्या पापण्यांवरून अंगठा फिरवला. मग लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे उघडून बघत बसले.

सकाळीच अंगाची लाही होत होती. मी उंबऱ्यात ज्वारी निवडत होते. मध्येच बघितलं तर कपाळावरचा घाम भुवयांवरून खाली उतरत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. नजर मात्र लिंगावरच. मला वाटलं, गाईसाठी रडताहेत. वासरू असल्यापासून त्यांनीच तिला वाढवलं होतं. पुरुषमाणूस रडताना आपण बघू नये म्हणून मी तोंड फिरवलं आणि सूप पाखडत राहिले. आणि ते समजत होते, घाम डोळ्यांत गेला, चुरचुरणारच. पूजा मोडायची नाही. जळजळ वाढत गेली तसे ते अधिकच ताठ बसले. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं.

पूजा पुरी झाल्यावर त्यांनी लिंग चाचपडत डबीत घातलं, डबी गळ्यात नीट केली आणि मग बोलले, "अगं, पानी आन. काईच दिसंना."

मी सूप टाकून धावले. डोळे लालबुंद झाले होते, पापण्या सुजलेल्या, कपाळावरचे तीन पट्टे ओले आणि त्यांच्या कडेची कातडी भाजल्यासारखी. तांब्यातलं पूजेचं पाणी होतं तेवढं ओतलं. घागरीच्या तळाशी होतं ते ओतायला लागले. त्यातलं निम्मं झालं तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुरं. नासू नको. परवा टँकर येस्तोवर प्यायला ठेव."

"डोळं जळून राहिलंय तुमचं आन टँकरचं काय सांगताव?"

"इभूती हाय ती. इभूतीनं कुनाचं वाईट झालंय का कधी? थांबंल आपोआप."

मी हात सोडवायला बघत होते, त्यांची पकड सुटेना. ओरडले, शिव्या दिल्या, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. माझा आवाज ऐकून शांतम्मा आली, तिच्या घरातली कळशी घेऊन आली. त्यात पाणी होतं वाटीभर. तेही घातलं. मग तिनं घरातलं तूप आणलं. "तूप घाल, गार पडंल," म्हणत तिनंच त्यांच्या डोळ्यांत बोटानं तूप सोडलं. बिचारीनं दिवाळीपासून जपून ठेवलेलं तूप होतं ते. आम्हाला तेवढंच सुचत होतं.

मन्मथ रस्त्यावर जाऊन एस.टी. अडवून आला. लातूरला एका डॉक्टरांनी डोळे बघितले, होता तेवढा उपचार केला आणि म्हणाले, हे माझ्या हातातलं नाही, लगेच नांदेडला न्या. पुन्हा एस.टी. लातूरच्या रस्त्यांवरून गाडी निघाली तेव्हा मन्मथ खिडकीशी बसला होता. दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र भिंती, पांढरे बुंधे, पांढऱ्या कडा. सगळं त्याच्याच हातचं. तो मान खाली घालून सोललेले तळवे बघत राहिला.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांना पाठीवर झोपवलं आणि डोळ्यांवर सलाईनची नळी सोडली. एक बाटली संपली की दुसरी. पाणी गालांवरून वाहून खालच्या ट्रेमध्ये जायचं, ट्रे भरला की नर्सबाई तो मोरीत ओतायच्या. मी भिंतीला टेकून त्या मोरीकडे बघत होते. असं पाणी ओतणं मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, चेहऱ्यानं चांगला. त्यानं विचारलं, "घरी डोळे धुतले होते का?"

"धुतलं की."

"किती वेळ?"

मी घागरीतलं निम्मं पाणी आणि शांतम्माची वाटी सांगितली. तो म्हणाला, "लगेच अर्धा तास तरी नळाखाली धरायला पाहिजे होते, आजी."

नळ म्हणाला तो. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. हसू आलं आणि पाठोपाठ इतका राग आला की त्याच्या टेबलावरचं सगळं खाली ढकलावं वाटलं. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या गावात या. नळ दावा मला. तुमी म्हनाल तेवढा वेळ धरते."

तो ओशाळला. मग त्यानं मन्मथला बसवून सगळं विचारून घेतलं. राख कसली, चुना कुठला, किती पाणी. कागदावर काहीतरी खरडत म्हणाला, "न धुतलेल्या राखेत एक खार असतो. कळीचा चुना ओला असतो तेव्हा तो वेगळा तिखट. दोन्ही पाण्यात एकत्र आले की त्यांचा तिसराच खार तयार होतो, दोघांपेक्षा जहाल. पूर्वी साबण करणारे मुद्दाम असंच करायचे. तेल त्यात घातलं की साबण होतो. हाताला बुळबुळीत लागलं ना? ती तुमचीच कातडी विरघळत होती."

"पन अप्पा बी चुना घालत्यात," मन्मथ म्हणाला. "कायम घालत्यात."

"कुठला?"

मी मठामागच्या ढिगाचं सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली. "तो हवा खाऊन खाऊन खडूसारखा झालेला असणार. त्याच्यात काही राहिलेलं नसतं."

मी विचारलं, "आता थांबलं का?" कारण मला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं कागद बाजूला ठेवला. "आम्लानं भाजलं की ते बहुतेक वरच्यावर थांबतं. हा खार थांबत नाही, आत आत जात राहतो. आम्ही धुतोय. पण तुम्हाला इथं पोचायला दिवस गेला."

दिवस गेला, खरं आहे. चाकूरला गाडी थांबली, कंडक्टर चहा प्यायला उतरला, तेव्हा तो खार आत जात होता. अहमदपूरला बायका लेकरं घेऊन चढल्या, जागेवरून भांडल्या, तेव्हाही. माळाकोळीच्या पुढं मालकांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि मला वाटलं होतं, चला, झोप लागली, आता जरा उतार पडला असेल.

दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून ठेवलं. मन्मथ उशाशी उभा राहायचा, बसायचा नाही. एका दुपारी मालकांनीच विचारलं, "चुना कुठला घेतलास रं?"

"लातूरहून आनलेला."

"जिभेला लावून बघितलास?"

"न्हाई." मन्मथला पुढं बोलता येईना. मग म्हणाला, "अप्पा, चुना तर चुनाच असतंय न्हवं?"

मालकांनी पट्टी बांधलेलं तोंड त्याच्याकडं वळवलं. मला वाटलं, आता बोलतील, घालून पाडून बोलतील. बोलले असते तर पोराला बरं पडलं असतं. त्यांनी नुसता हात पुढं केला, मन्मथचा तळवा धरला, सोललेल्या कातडीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "तुझं हात बी दाव डॉक्टरला. माझीच चूक. सांगायचं ऱ्हाऊन गेलं." मन्मथ वऱ्हांड्यात जाऊन भिंतीला डोकं लावून रडला. मी दोघांच्या मध्ये उभी. इकडे जाऊ की तिकडे जाऊ, काही कळेना. शेवटी तिथंच फरशीवर बसले.

पट्ट्या सुटल्या. दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा आला होता, दुधाळ. डॉक्टरनं बॅटरी मारून विचारलं, "उजेड दिसतो का?" मालक म्हणाले, "हाव, काई तरी हाय म्हनून वाटतंय." बॅटरी तोवर बंद झाली होती. मी आणि डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिलो. त्यानंच आधी नजर काढून घेतली.

गावात परतल्यावर मन्मथनं आधी उरलेल्या वड्या आणि ते अर्धं पोतं रानात खोल पुरून टाकलं. एकही वडी घराबाहेर गेली नव्हती, एवढं बरं झालं. पण वेगळंच सुरू झालं. कपाळावर पट्टे ओढले होते तिथली कातडी भाजून भरून आली होती, आणि मागं तीन पांढुरके वण राहिले होते, आडवे, सरळ, ओढल्यासारखे. हे बघून गेलेल्या कुणीतरी बाहेर सांगितलं असावं. आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागली. चन्नबसप्पाला शिवानं आपल्या बोटांनी विभूती लावली, डोळे घेतले आणि दृष्टी दिली, असं बोलू लागली. पाया पडायची. मी दारात उभी राहून सांगायची, "चुन्यानं भाजलंय त्येंला. चुना हाय, चुना." ती माझ्याकडे दयेनं बघायची आणि चप्पल काढून आत जायची. एकीनं तर माझ्याच पायांवर डोकं ठेवलं, पुण्यवान म्हणून. मी तिला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती बहिणीला घेऊन आली.

मालक कुणाला हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. त्यांना एकच चिंता आहे. पहिल्या दिवशी ते पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं आणि तसेच थांबले. नजर लावायची कुठं, तेच त्यांना समजेना. डबीतून काढताना हाताला लागत होतं, थंडपणा कळत होता, पण बघितल्याशिवाय पूजा कसली? मग त्यांनी हाक मारली, "अगं, हिकडं ये. समोर बस. माझ्या बदली तू बघ."

तेव्हापासून रोज सकाळी मी समोर बसते. आधी चिमूटभर विभूती जिभेवर ठेवून बघते, मातीसारखी लागली की त्यांच्या वणांवर लावते. ही विभूती पूर्वीच्या घाण्यातली, मडक्यात थोडी उरलेली. मग ते लिंग धरतात आणि विचारतात, "बघायलीस न्हवं?" मी म्हणते, "बघते."

पण मी लिंगाकडे बघत नाही. हात छातीशी धरलेला असतो आणि मान थोडी वर राहते, तिला आता अंदाज उरलेला नाही. त्यामुळे त्यांचे डोळे सरळ माझ्यावर येतात. पूजा संपेपर्यंत ते तसेच बसतात, माझ्याकडे तोंड करून, टक लावून, आणि पापणी म्हणून हलत नाही.